मेहुणीचा साखरपुडा आणि माझा कॅमशाफ्ट

आमच्या गाडीच्या इंजिनात काहीही बिघाड नव्हता, म्हणून मी ते उघडायला लावलं.

हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलं. मेकॅनिकला, सासऱ्यांना, बायकोला तर दोनदा. एकालाही पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आता ते पटत नाही, पण त्या वेळी पटलेलं, आणि तेही शंभर टक्के.

गाडी म्हणजे लाल रंगाची, लहानखुरी, पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी. मी एका शाळेत गणित शिकवतो. राहतो डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. गाडीचा आणि माझा स्वभाव साधारण सारखाच: सकाळी कुरकुरत सुरू व्हायचं, दिवसभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, संध्याकाळी गपगुमान खांबाला टेकायचं. आमचं उत्तम चाललेलं.

त्यात एका रविवारी आम्ही सासुरवाडीला, ठाण्याला वर्तकनगरला निघालो. मुंब्रा बायपासचा चढ आला आणि सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, न सांगता हात पुढे करून एसी बंद केला. ही आमची जुनी प्रथा. चढ आला की एसी बंद, काचा खाली, आणि बोलणंही जरा कमी! (बोलण्याने इंजिनावर ताण येत नाही हे मला माहीत आहे. पण कशाला धोका?) दुसऱ्या गिअरमध्ये, एका सिमेंटच्या ट्रकमागे आम्ही घाम पुसत चढत असताना उजवीकडून एक भलीमोठी पांढरीशुभ्र गाडी सर्रकन पुढे गेली. आत माझे साडू दीपकराव! कल्याणहून तेही वर्तकनगरलाच निघालेले. जाता जाता त्यांनी मला अंगठा दाखवला.

"बाबा," आमची लेक रुही मागून म्हणाली, "त्यांनी एसी चालू ठेवून ओव्हरटेक केलं."

"काचेतून तुला काय कळलं?"

"मावशीने शाल घेतलेली."

माणूस अंगठा सहन करतो हो. शाल सहन होत नाही!

त्या दिवसापासून मी गाडीची ताकद कशी वाढवायची याचे व्हिडिओ बघायला लागलो. एअर फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, असं काहीबाही लोक सांगत होते. पण प्रत्येक व्हिडिओतला खराखुरा जाणकार शेवटी आवाज खाली आणून एकच शब्द उच्चारायचा: कॅमशाफ्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (मलाही तोवर माहीत नव्हतं, त्यामुळे संकोच नको.) इंजिनात वरच्या बाजूला एक दांडा असतो. त्याला अंड्याच्या आकाराचे फुगवटे. दांडा फिरला की फुगवटे झडपांना दाबतात, झडपा उघडतात, पेट्रोल-हवा आत जाते, धूर बाहेर येतो. झडप किती वेळ उघडी राहायची, हे त्या फुगवट्याच्या आकारावर ठरतं आणि ते मोजतात अंशात. अंशात! गणिताच्या मास्तरला आणखी काय हवं? मला वाटलं, हे इंजिन नाही, हा तर आपलाच विषय.

पुढचे दोन आठवडे मी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. नववीच्या वर्गात वर्तुळाचा धडा शिकवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हा अंश वाढवला की वरच्या रेंजला जास्त पॉवर मिळते." दोघांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग मी कल्याणला भूषणकडे गेलो. भूषण माझा जुना विद्यार्थी. नववीत गणितात मीच त्याला नापास केलेला. आता कल्याण पश्चिमेला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि शर्यतीच्या गाड्या बनवून घ्यायला लोक त्याच्याकडे नाशिकहून येतात. मला बघताच तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि वाकून पाया पडला. माझ्या दोन्ही चपलांवर काळे पंजे उमटले.

"सर! तुम्ही? गाडी बंद पडली का?"

"नाही रे, छान चालतेय. कॅमशाफ्ट बदलायचाय. जोरदार बसव."

भूषणने हात पुसले. मग ते पुन्हा पुसले. माझ्याकडे बघितलं, माझ्या गाडीकडे बघितलं. गाडीच्या मागच्या काचेत सुजाताने उन्हासाठी लावलेला फुलाफुलांचा पडदा होता.

"सर, मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो. गाडी कुठे आणि कशी चालवता? त्याच्यावरच दांडा ठरतो."

आता इथे खरं उत्तर असं होतं: घर ते शाळा, शाळा ते घर, रविवारी भाजी, महिन्यातून एकदा सासुरवाडी. चौथा गिअर सणासुदीला. पाचवा गिअर आमच्या गाडीला आहे, असं मी माहितीपुस्तिकेत वाचलेलं. पण समोर आपला नापास विद्यार्थी उभा असताना असलं उत्तर देववत नाही.

"हायवेला," मी म्हणालो. "जास्त करून हायवेलाच."

"स्पीड काय असतं?"

"शंभरच्या आसपास." (शंभर हा आकडा मी तोवर फक्त उत्तरपत्रिकांच्या संदर्भात वापरलेला!)

भूषणने तीन दांडे आणून टेबलावर मांडले. मला तिन्ही एकसारखेच दिसले, पण मी गंभीरपणे मान हलवली.

"हा दोनशे छप्पन अंशांचा. सगळ्यात सौम्य. शहरात चालवायला हाच. चढालापण हाच उपयोगी. हा दोनशे बहात्तर, थोडा गरम. आणि हा दोनशे अठ्ठ्याऐंशी. हा सर, शर्यतीवाले लावतात."

"यात फरक काय?"

"श्वासाचा. झडप जास्त वेळ उघडी, म्हणजे इंजिनाचा श्वास मोठा. पण मोठा श्वास पळताना कामाचा. उभ्या उभ्या कोणी धापा टाकतं का? हा मोठा दांडा उभ्या गाडीला धापा टाकायला लावतो. खालच्या फेऱ्यांना ताकद नाही. जे काय मिळेल ते साडेचार हजार फेऱ्यांच्या वर."

"मग साडेचार हजारच्या वर चालवीन."

"सिग्नलला पण?"

"भूषण," मी माझा वर्गातला आवाज काढला, "दोनशे छप्पन मोठे की दोनशे अठ्ठ्याऐंशी?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी, सर."

"मग?"

"सर, तुम्हीच सांगायचात ना, गणित शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही म्हणून." तो अगदी आदराने म्हणाला. "आणि याच्यासोबत इंजिनाचा कंप्युटरही नव्याने सेट करावा लागतो. त्याला जुन्या दांड्याची सवय असते."

"शिकेल तो हळूहळू. माझी मुलं शिकतात."

ज्याला मी नापास केलेला त्याने पुन्हा एकदा हात पुसले आणि दोनशे अठ्ठ्याऐंशीचा दांडा उचलला.

घरी सुजाताला सांगितलं, "गाडी चार दिवस सर्व्हिसिंगला टाकलीय."

"चार दिवस?"

"सखोल सर्व्हिसिंग आहे."

पाचव्या दिवशी सकाळी भूषण मला पडघ्याच्या बाजूला एका मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. "आता दाबा," म्हणाला. मी दाबला. सुरुवातीला काहीच झालं नाही. गाडी नुसती खोकली. मग काटा साडेचार हजारांवर गेला आणि काय सांगू तुम्हाला! आमची लाल गाडी, ती फुलाफुलांच्या पडद्यावाली, अशी काही किंचाळून झेपावली की माझा चष्मा कपाळावर सरकला. अकरा सेकंद. मोजलेत मी. अकरा सेकंद मी वेगळाच माणूस होतो. मग समोर एक म्हैस रस्ता ओलांडायला लागली आणि मी पुन्हा गणिताचा मास्तर झालो.

ब्रेकचं पेडल एकदम दगडासारखं लागलं. मी दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा गाडी थांबली.

"हेही होतं," भूषण डॅशबोर्डला धरून म्हणाला. "इंजिन नीट ओढत नाही ना, म्हणून ब्रेकला मदत मिळत नाही. जरा लांबूनच दाबत जा."

गाडी घरी आणली. ती आता उभी असताना असा आवाज करायची: धड्‌-धड्... धडाक्... (बराच वेळ शांतता. आपल्याला वाटावं, गेली.)... धड्! दुसऱ्या मजल्यावरच्या काळेकाकूंनी गॅलरीतून सेक्रेटरींना ओरडून सांगितलं की, सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडलाय. सेक्रेटरींनी प्लंबरला बोलावलं. प्लंबर आला, त्याने टाकीवर कान लावला, पंप खोलला, आणि मी गाडी बंद केल्याबरोबर म्हणाला, "झाला दुरुस्त!" सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं. दुसरं काय करणार?

सुजाता पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिच्या हातातली पाण्याची बाटली आपोआप ढवळायला लागली.

"अहो, हिला ताप आलाय का?"

"सर्व्हिसिंगनंतर सेट व्हायला थोडा वेळ लागतो."

तिने एसी लावला. गाडी बंद पडली. मी सुरू केली. तिने पुन्हा एसी लावला. पुन्हा बंद.

"म्हणजे आता सपाटीलापण एसी नाही?"

हा प्रश्न मला कोपरपासून रेल्वे पुलापर्यंत टोचत राहिला. मी मनाशी म्हटलं, आठवड्याभरात जाऊन जुना दांडा परत बसवून घेऊ, कुणाला कळणारही नाही. आणि त्याच संध्याकाळी माझ्या सासऱ्यांचा फोन आला.

"मिलिंदराव, जय भीम. येत्या रविवारी प्रज्ञाचा साखरपुडा, ठाऊकच आहे तुम्हाला. दीपकराव स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला जाणार. तेव्हा नवरीला वर्तकनगरहून कल्याणच्या हॉलवर तुम्ही आणायचं. तुमच्यावर सोपवतोय."

बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं गाडी चालवली, आणि कुणालाही गाडीची किल्ली देताना ते आधी त्या माणसाकडे दोन मिनिटं नुसते बघतात. त्या बाबांनी धाकटी लेक माझ्यावर सोपवलेली! माझा ऊर भरून आला. त्या भरात मी "हो" म्हणालो.

लगेच भूषणला फोन केला. तो म्हणाला, "सर, जुना दांडा माझ्याकडेच आहे. शनिवारी आणा, संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. शहाणा माणूस शनिवारी कल्याणला गेला असता. पण मला भूषणचा तो आदरयुक्त चेहरा दिसायला लागला, आणि मी म्हणालो, "नको रे. जमतंय मला. हात बसलाय आता."

रविवारी सकाळी साडेआठला वर्तकनगरला पोचलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबा पांढरा शर्ट-पँट, आई पांढरी साडी, सुजाता (ती आदल्या दिवशीच माहेरी आलेली) पांढरी साडी, आणि मधोमध प्रज्ञा, सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीत, नुकती ब्युटीपार्लरमधून आलेली. मीही नवा पांढरा सदरा घातलेला. बाबा पुढे बसले, तिघीजणी मागे. रुही आधीच थोरल्या मावशीबरोबर हॉलवर गेलेली.

मी गाडी सुरू केली. धड्‌-धड्... धडाक्...

बाबांनी दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मिलिंदराव, एक सिलेंडर मारत नाहीये का?"

"नाही बाबा, चारही मारतायत. नवीन सेटिंग आहे."

"कशाचं?"

"सखोल सर्व्हिसिंगचं," मागून सुजाता म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं.

माजिवड्याच्या सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून मी पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवला. गाडी उभ्या उभ्या गरजत होती. शेजारच्या मोटरसायकलवाल्याला वाटलं मी त्याला आव्हान देतोय. तोही गरजायला लागला! सिग्नल सुटला, तो सुसाट गेला, आणि आम्ही खोकत खोकत दहा फूट सरकून बंद पडलो. मागे पन्नास हॉर्न. ट्रॅफिक पोलीस धावत आला, आत डोकावला. पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं आणि एक घामाघूम ड्रायव्हर बघून त्याचा चेहरा पडला.

"कोणी वारलंय का साहेब?"

"साखरपुडा आहे!" प्रज्ञा मागून किंचाळली.

"मग ड्रायव्हर रडतोय का?"

तो घाम होता. निदान तेव्हा तरी.

एसी लावता येत नव्हता, त्यामुळे काचा खाली. भिवंडीच्या बाजूचे कंटेनर आणि त्यांची धूळ. प्रज्ञाचं काजळ घामाने पसरलं म्हणून तिने आरसा काढून पुन्हा लावायला घेतलं, आणि नेमक्या त्या क्षणी इंजिनाने 'धडाक्' केलं. काजळ डोळ्याच्या कोपऱ्यातून निघालं ते थेट कानापर्यंत गेलं.

"भाऊजी!!"

"सॉरी, सॉरी! हे जरा वरच्या फेऱ्यांना छान चालतं."

"कसल्या फेऱ्या? अहो, मला तिकडे लग्न ठरवायला जायचंय!"

राजनोलीच्या अलीकडे सगळंच थांबलं. पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा झालेला. अर्धा तास आम्ही इंचाइंचाने सरकलो. इंच पुढे, बंद. सुरू. इंच पुढे, बंद. एकदा उतारावर गाडी पुढच्या फुलांच्या टेम्पोकडे सरकायला लागली आणि मी ब्रेकवर दोन्ही पायांनी असा उभा राहिलो की डोकं छताला लागलं. थांबलो. टेम्पोत आणि आमच्यात एक झेंडू राहील इतकी जागा होती. बाबांचा उजवा पायही खाली दाबलेला मी पाहिला. तिकडे ब्रेक नव्हता, पण बत्तीस वर्षांची सवय.

आणि मग रस्ता सुटला. सगळी गर्दी हलली. रिक्षा गेल्या, टेम्पो गेला, कंटेनर गेले. आमची गाडी मात्र जागची हलली नाही. मी किल्ली फिरवली, 'घुर्र्र्र'. पुन्हा फिरवली, 'घुर्र'. तिसऱ्यांदा नुसतं 'टक्'.

साडेदहा वाजलेले. साखरपुडा अकराला.

बाबांनी उतरून बॉनेट उघडलं. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे विचारलं, "काय केलंत?"

"कॅमशाफ्ट बदललाय, बाबा."

"जुना मोडलेला?"

"नाही. चांगला होता."

"मग?"

"स्पीडसाठी," मी म्हणालो.

आमच्या बाजूने एक सायकलवाला गेला. त्याच्या कॅरिअरला दोन गॅस सिलेंडर होते. सगळ्यांनी तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

"सखोल सर्व्हिसिंग!" सुजाता म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाबा ओरडले नाहीत. तेच मला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "बत्तीस वर्षांत एकदाही प्रवाशाला वाटेत उतरवलं नाही हो मी. आज पोरीला उतरवावं लागतंय." आणि मान वळवून रस्त्याकडे बघायला लागले. मला वाटलं, त्या कंटेनरखाली नाही तरी निदान कंटेनरमध्ये बसून कुठेतरी लांब जावं.

तेवढ्यात मागून एक एसटी आली. बाबांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला. साधा हात नाही. तळवा खाली, दोनदा, सावकाश. ती काहीतरी आतली खूण असणार, कारण ती एसटी स्टॉप नसताना, भर रस्त्यात, कचकन थांबली! बाबांना बघून ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"कांबळे मास्तर! तुम्ही? अहो, मी तुमच्या हाताखाली शिकलेलो!"

"पोरीचा साखरपुडा आहे. कल्याण. अकराला."

"चढा!"

दार उघडलं. आई चढल्या, सुजाता चढली, आणि कानापर्यंत काजळ गेलेली नवरी पदर खोचून एसटीत चढली. कंडक्टरने पुढची सीट मोकळी करून दिली. कुणा एका आजीबाईंनी आपल्या पिशवीतला रुमाल ओला करून तिचं काजळ पुसायला घेतलं. सगळी एसटी टाळ्या वाजवायला लागली. बाबा ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून ताठ उभे राहिले. दहा मिनिटांपूर्वी वाकलेला तो माणूस पाच वर्षांनी तरुण दिसत होता.

मी पायरीवर पाय ठेवला.

"तुम्ही गाडीजवळ थांबा," सुजाता म्हणाली. आणि डबल बेल वाजली.

मी भूषणला फोन केला. तो अर्ध्या तासाने मोटरसायकलवरून आला. आल्या आल्या त्याने बाह्या वर केल्या. प्लग काढले, पुसले, बॅटरीला मोटरसायकलवरून करंट दिला. मी टॉर्च धरला, पाने दिले, ग्रीस लागलेले प्लग त्याच्या सांगण्यावरून सदऱ्याला पुसले. (त्याने "फडक्याला" म्हटलेलं, असं तो म्हणतो.) गाडी सुरू झाली.

"सर, आता पाय काढायचा नाही. हॉलपर्यंत तीन हजारांच्या खाली येऊ द्यायची नाही."

मी नाही येऊ दिली. कोनगावातून गरजत गेलो, दुर्गाडीच्या पुलावरून गरजत गेलो, कल्याणच्या गल्ल्यांतून कुत्री पळवत गेलो. हॉलसमोर पोचलो आणि पाय काढला.

आता आत काय चाललेलं ते मला नंतर कळलं. प्रज्ञा वेळेवर, म्हणजे पाच मिनिटं आधीच पोचलेली! एसटीवाल्याने तिला थेट हॉलच्या कोपऱ्यावर सोडलेलं. पाहुण्यांची ओळखपाळख, चहापाणी झालेलं, आणि सगळे उभे राहून हात जोडून त्रिशरण म्हणायला लागणार होते. हॉलभर शांतता. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी.

त्या शांततेत माझ्या सायलेन्सरने "फाट्ट!!" केलं.

मुलाकडच्या एका मामांनी खुर्चीखाली वाकून घेतलं. दोन बाळं रडायला लागली. कोणीतरी "फटाके आत्ता कशाला?" म्हणालं. आणि दार उघडून मी आत आलो: छातीवर चार प्लगांचे चार काळे ठसे, कपाळावर वंगण, हातात गाडीची किल्ली. शंभरेक शुभ्र माणसांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"हे आमचे दोन नंबरचे जावई," बाबा म्हणाले. ते मला नाकारू शकले असते. नाही नाकारलं. तेवढं मी आयुष्यभर विसरणार नाही.

साखरपुडा छान झाला. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले. मी शेवटच्या रांगेत, डाग झाकायला छातीवर कुणाचीतरी फाईल धरून बसलेलो. जेवणाच्या वेळी प्रज्ञाचा होणारा नवरा, अमोल, थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलणी खायची.

"दादा, बाहेरची लाल गाडी तुमची? काय आवाज आहे! कॅम कितीचा?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"रोजच्या गाडीत? बाप रे!" त्याच्या डोळ्यांत मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर दिसला. आम्ही बाहेर जाऊन बॉनेट उघडलं. त्याने आत वाकून विचारलं, "मला एक दिवस चालवायला द्याल?"

"अमोल," मागून प्रज्ञाचा आवाज आला. तिच्या कानापाशी अजून काजळाची बारीक रेघ होती. "अंगठी अजून सैल आहे हां. लगेच निघते."

बॉनेट बंद झालं.

सोमवारी मी गाडी भूषणकडे नेली. त्याने जुना दांडा बसवला, आणि मी त्याला म्हणालो, "नववीचा तुझा निकाल मी पुन्हा तपासायला हवा होता, भूषण." तो लाजला आणि म्हणाला, "नाही सर, तो बरोबरच होता. मला तेव्हा खरंच काही येत नव्हतं." आज येतंय, हे तो बोलला नाही. चांगला मुलगा आहे.

सुजाता अकरा दिवसांनी बोलली. बाबांनी मात्र एका शब्दानेही तो विषय काढला नाही. फक्त दोन महिन्यांनी लग्नाच्या तयारीची बैठक झाली, तेव्हा त्यांनी कामं वाटून दिली. दीपकरावांकडे गाड्या, अमोलच्या मामांकडे जेवण, शेजाऱ्यांकडे मंडप. माझं नाव आल्यावर बाबांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग सगळ्यांनी एकमताने मला हॉलच्या दारात चपला सांभाळायला बसवायचं ठरवलं. एका जागी बसून करायचं काम, त्यात ना इंजिन, ना वेग, ना निवड. लग्नाच्या दिवशी मीही ते अत्यंत जबाबदारीने केलं. चारशे माणसांच्या चपला ज्याच्या त्याला परत मिळाल्या, एकाचीही तक्रार नाही.

मी तेवढा डोंबिवलीला अनवाणी आलो.